झाकणाखालची रेघ

धुराच्या तपासणीत बाबांची गाडी नापास झाली. तपासणारा माणूस कागद परत देत म्हणाला, "ताई, समोरचा पिवळा दिवा दिसत नाही का? ऑक्सिजन सेन्सर गेलाय. महिनाभरात करून आणा, नाहीतर ही रस्त्यावर काढू नका."

ऑक्सिजन सेन्सर हे शब्द आमच्या घरात नवे नव्हते. अडीच वर्षांत तो चार वेळा बदलून झाला होता. पहिले तीन मिस्त्रीकाकांनी बसवले. मिस्त्रीकाका म्हणजे बाबांचे तीस वर्षांचे मित्र. गॅरेज त्यांचं, आणि आमच्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला बाबांना खपत नसे. पण तिसरा सेन्सर गेला तेव्हा बाबा भर गॅरेजमध्ये, चार गिऱ्हाइकांसमोर, त्यांना म्हणाले, "जुना माल पुसून माझ्या गळ्यात मारतोस का रे?" मिस्त्रीकाकांनी हातातला पाना खाली ठेवला. "गाडी घे आणि नीघ," एवढंच म्हणाले. बाबा निघाले. चौथा सेन्सर त्यांनी दुसरीकडे बसवून घेतला, आणि त्यानंतरचे सहा महिने, म्हणजे त्यांना मिळालेले शेवटचे सहा महिने, ते मिस्त्रीकाकांशी एक शब्द बोलले नाहीत.

बाबा गेले त्या दुपारी मिस्त्रीकाका आमच्याकडे आले होते. आईने त्यांना जाळीच्या दारातून पाहिलं आणि आतलं लाकडी दार लावून घेतलं. फसवणुकीचा घोर लागून बाबांचं हृदय थकलं, असं ती अजून म्हणते. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. पण आईला दोष ठेवायला कुणीतरी हवं होतं आणि मिस्त्रीकाका हाताशी होते.

या गोष्टीला चार महिने झाले. मला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की बाबांना खरंच फसवलं होतं का. फसवलं असेल तर आईचं बरोबर होतं. नसेल तर बाबांनी आपला एकुलता एक मित्र उगाच तोडला होता आणि आम्ही त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. म्हणून मी गाडी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात न नेता सकाळी सरळ त्यांच्याकडेच नेली.

ते एका गाडीखाली होते. फक्त बूट दिसत होते.

"कोण आहे?"

"मी आहे, काका."

चाकांची फळी सरकली आणि ते बाहेर आले. आधी त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आईला सांगून आलीस?"

"नाही."

"मग लवकर आटप. नाहीतर म्हणेल, बापाला लुबाडलं, आता पोरीला धरलंय."

"काका, मी सरळच विचारते. तुम्ही बाबांना वापरलेले सेन्सर दिले होते का?"

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हात पुसले, मागच्या फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर उघडून ठेवला. आत कापडात गुंडाळलेले तीन सेन्सर होते. अंगठ्याएवढे, मागे वायरची शेपटी. प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली.

"तिन्ही नवे होते. पण हे मी म्हणून काय उपयोग? मी तेच म्हणणार ना." मग विचारलं, "तू हल्ली काय काम करतेस?"

"मुद्रितशोधन. छापायच्या आधी पुस्तकांतल्या चुका काढते."

"मग ये इकडे. ही काढ."

त्यांनी बॉनेट उघडलं. अठरा वर्षांची गाडी, पण इंजिन बाबांच्या हातचं असावं तसं होतं. पुसलेलं, वायरी चापून बसवलेल्या.

"आज मी काही बदलणार नाही," ते म्हणाले. "फक्त बघायचं. हे आधीच करायला हवं होतं."

पाइपाकडे बोट दाखवत त्यांनी मला समजावलं. "इंजिनात पेट्रोल जळतं, त्याचा धूर इथून बाहेर जातो. सेन्सर या पाइपात नाक खुपसून बसलेला असतो. धुरात हवा किती उरली ते हुंगतो आणि वर कळवतो. वरचा त्या हिशेबाने पेट्रोल कमी-जास्त सोडतो."

"वरचा?"

"कॉम्प्युटर गं. देव नाही."

स्टिअरिंगखाली त्यांनी स्कॅनर जोडला. पडद्यावर तोच दोष आला. सेन्सर सुस्त झाला होता, हुंगून उत्तर द्यायला वेळ लावत होता. त्यांनी दोन-तीन बटणं दाबली, आणि मग बराच वेळ ते पडद्याकडे बघत राहिले.

"तू किती चालवलीस?"

"जेमतेम साठ किलोमीटर. बाबा गेल्यापासून उभीच होती. दर रविवारी मी नुसतं इंजिन चालू करून ठेवत होते, बॅटरी उतरू नये म्हणून."

त्यांनी स्कॅनर माझ्याकडे वळवला. पिवळा दिवा लागल्यापासून गाडी किती चालली ते गाडी लिहून ठेवते, हे मला माहीत नव्हतं. आकडा होता अकराशे शेहेचाळीस.

मी मनात साठ वजा केले. हिशेब अवघड नव्हता, तरी मी तो दोनदा केला. म्हणजे दिवा मी चालवताना लागलेला नव्हता. दुसऱ्या गॅरेजने घातलेला चौथा सेन्सरही बाबा असतानाच गेला होता, आणि दिवा लागलेला असताना बाबांनी जवळजवळ अकराशे किलोमीटर गाडी चालवली होती. रोज तो दिवा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. माल मिस्त्रीचा नाही, तरी दोष तोच, हे त्यांना कळल्यावाचून कसं राहिलं असेल? आणि घरी ते एका शब्दाने बोलले नव्हते.

मिस्त्रीकाकांनी स्कॅनर काढून ठेवला. ते आमच्या गाडीखाली शिरले.

पाइप निवून त्यातून सेन्सर निघायला अर्धा तास लागला. बाहेर आल्यावर त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. टोकाला बारीक भोकांची टोपी होती आणि तिच्यावर पांढरी भुकटी बसली होती, खडूच्या हाताने कुणी धरला असावा तशी. त्यांनी डब्यातले तीनही शेजारी ठेवले. तिन्ही पांढरे.

"सेन्सर काळा पडला तर समजायचं, पेट्रोल जास्त. तेल जळत असेल तर राख बसते. पांढरा म्हणजे..." त्यांनी भुकटी बोटावर चोळून पाहिली. "पांढरा म्हणजे वाळू. जिच्यापासून काच बनते ती. इंजिनात वाळू येईल कुठून?"

"पेट्रोलमधून?"

"मी तेच म्हणत आलो. तीनदा पांढरा बघितला आणि तीनदा पंपवाल्याला शिव्या घातल्या. त्याच पंपावर पेट्रोल घेणाऱ्या दहा गाड्या मी बघतो, त्यांतल्या एकीचाही सेन्सर असा नाही. हे कधी डोक्यात आलं नाही बघ." मग त्यांनी विचारलं, "पाणी कमी होतं का? रेडिएटरचं? त्यात घालतात त्या कूलंटमधूनही ती येते."

"बाबा आठवड्याला बघायचे. खूण केलेली आहे. पाणी खुणेखाली कधी गेलेलं नाही."

"मग तेही नाही."

त्यांनी टॉर्च घेतला आणि इंजिनवरून बोटभर बोटभर प्रकाश फिरवत गेले. नळ्या, जोड, बोल्ट. टॅपेट कव्हरपाशी, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणापाशी, ते रेंगाळले.

"हे इथून पाझरायचं. जुनी गाडी, थोडं तेल येतं. तुझा बाप माझ्या मागे लागायचा, पाझर बंद कर. मी म्हणायचो, अरे घाम आहे तो, म्हातारपणी येतोच. नवं पॅकिंग टाकायला सवड मिळाली की टाकू." त्यांनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं. कोरडं होतं. "घाम कुणी पुसला?"

आठ बोल्ट काढून त्यांनी झाकण उचललं. ते सहज सुटलं नाही. चिकट ताणल्यासारखा आवाज आला. उलटं करून ते उजेडात धरलं तेव्हा रबरी पॅकिंगच्या आतल्या बाजूने सबंध कडेला एक दुधी, अर्धपारदर्शक रेघ दिसली. सुटताना ती एका बाजूला फाटली होती, पण बाकी ठिकाणी करंगळीच्या अर्ध्या जाडीची, कुठेही कमी-जास्त नाही, अशी होती. बाहेरून तिचा मागमूस नव्हता. बाहेर आलेलं सगळं ब्लेडने कापून साफ केलेलं होतं.

"हे काय आहे? झाकण बसवायची आमची पेस्ट अशी नसते," ते म्हणाले. "कुणाचं काम हे? काम मात्र सुंदर केलंय लेकाने."

मला ते कुणी सांगायला नको होतं. मी त्या रेघा पाहत लहानाची मोठी झाले. बाबा माशांच्या टाक्या बनवायचे. दवाखान्यांसाठी, दुकानांसाठी, एकदा एका मोठ्या हॉटेलसाठी भिंतभर लांबीची. काचेला काच जोडताना ते सिलिकॉनची रेघ ओढत, मग साबणाच्या पाण्यात अंगठा बुडवून ती एका दमात बसवत. कोपऱ्यावर हात थांबवायचा नाही, थांबला की तिथूनच गळतं, असं ते म्हणायचे. या झाकणाला चार कोपरे होते आणि चारही कोपऱ्यांत रेघ कुठेही तुटलेली नव्हती. शेवटचं टोक किंचित डावीकडे वळवून सोडलेलं होतं. बाबा डावखुरे होते.

"टाकीचं सिलिकॉन आहे, काका," मी म्हटलं.

ते समोर पडलेल्या टायरवर बसले.

मग त्यांनी मला सांगितलं ते मी इथे थोडक्यात लिहिते. झाकणाखाली साठणारी वाफ एका नळीतून परत इंजिनात ओढली जाते, वाया जाऊ नये म्हणून. टाकीचं सिलिकॉन वाळत असताना त्याचीही वाफ निघते. तो आंबट, व्हिनेगरसारखा वास आमच्या घरात कायम असायचा, बाबांच्या सदऱ्याला यायचा. ती वाफ पेट्रोलबरोबर जळली की तिची वाळू होते आणि सेन्सरच्या नाकात बसते. इंजिनासाठी वेगळं सिलिकॉन मिळतं, सेन्सरला चालतं असं त्याच्या ट्यूबवर लिहिलेलं असतं. बाबांनी ते कशाला बघितलं असतं? सिलिकॉनमधलं त्यांना शिकवणारा माणूस अजून जन्मायचा होता. गरम तेलापुढे ते सिलिकॉन काही महिनेच टिके. पुन्हा पाझर दिसला की बाबा जुनं खरवडून नवी रेघ ओढत. नवी रेघ, नवी वाफ. त्याच सुमारास मिस्त्रीकाकांनी नवा सेन्सर बसवलेला असे. आठशे-नऊशे किलोमीटरमध्ये तो मरे.

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"तुम्ही हसला असता."

"हसलो असतोच," ते म्हणाले. "म्हटलं असतं, टाकीवाल्या, आता यात मासे सोड." ते हसले नाहीत. "पण हसून झाल्यावर ते काढून टाकलं असतं ना मी."

त्यांनी झाकण आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं. मग रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "भांडणानंतर तो तीनदा आला होता. पलीकडे, त्या छपाईवाल्याच्या दारासमोर गाडी लावून बसायचा. इंजिन चालू. मी इथून बघायचो. म्हटलं, उतरेल. उतरला की जायचं पुढे. त्यालाही वाटत असेल, मी बाहेर येईन. दहा-पंधरा मिनिटं थांबायचा आणि जायचा."

मी पलीकडच्या त्या दाराकडे पाहिलं.

"एक काम कर," ते म्हणाले. "आईला सांग, माल खराब निघाला. मिस्त्रीने कबूल केलं म्हण."

"का म्हणून?"

"तिला राग धरायला कुणीतरी लागणार. माझ्यावर धरलाय तो राहू दे. मला काय, मी गाड्यांखाली असतो. त्याच्यावर कशाला यायला पाहिजे?"

"पण तुमची चूक नव्हती."

"तीनदा पांढरा दिसला आणि तीनदा का म्हणून विचारलं नाही. ही चूक नाही तर काय?"

त्यांनी मला पत्र्याची पातळ पट्टी दिली. खरवडताना जोर करायचा नाही, झाकणाला ओरखडा गेला की पुन्हा पाझरेल, असं सांगितलं. एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने मी. रेघ लांबच्या लांब सुटत होती. काढून झाल्यावर तिचा एक गोळा झाला. त्यांनी नवं पॅकिंग बसवलं, तेल बदललं, कारण जुन्या तेलातही ते उतरलेलं असणार, आणि नवा सेन्सर घातला. मग म्हणाले, "आत्ता काही सिद्ध झालेलं नाही. हजार किलोमीटर चालव. दिवा लागला नाही, तर हेच होतं. लागला, तर मी तुझ्या आईपुढे कान धरून उभा राहतो."

घरी जाताना मी दोन वाक्यं तयार केली, एक खरं आणि एक त्यांनी दिलेलं. आई स्वयंपाकघरात डबे पुसत होती. तिने विचारलं, "कुठे होतीस?" आणि मी खरं सांगितलं. पहिल्यापासून, काही न गाळता. अकराशे शेहेचाळीसचा आकडाही सांगितला आणि पलीकडे लावलेली गाडीही.

ती डबा पुसत राहिली.

"काय पढवलंय त्याने तुला," ती म्हणाली.

"आई, मी स्वतः रेघ पाहिली. बाबांचीच होती."

"रेघ त्यांचीच असणार. मी कुठे नाही म्हणते? टॉर्च कोण धरत होतं? रविवारी सकाळी अंगणात तास तास उभी असायचे मी. हात हलला की ओरडायचे." तिने डब्याचं झाकण लावलं. "शेवटची ट्यूब मीच आणून दिली होती. दुकानदार म्हणाला, कशासाठी हवंय? मी म्हटलं, टाकीसाठी. सवयच ती."

तिने डबा फळीवर ठेवला, तोंड माझ्याकडे न वळवता.

"किती चालवायची म्हणाला?"

"हजार."

"मग चालवू. मी येते. दिवा माझ्या डोळ्यांनी बघीन. तू त्याची बाजू घेशील."

त्या दिवसापासून आई माझ्याबरोबर बसायला लागली. पुढच्या सीटवरून मान तिरकी करून ती समोरच्या काट्यांकडे बघायची. बाबांबरोबर इतकी वर्षं बसून तिने तिकडे कधी पाहिलं नव्हतं, कारण ते तिला म्हणायचे, तू रस्ता बघ. आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, बँकेत गेलो, दोन गावांपलीकडच्या मावशीकडे तीनदा गेलो. "काय गं, हल्ली माझी फार आठवण येते?" मावशीने विचारलं, तर आई म्हणाली, "आठवण कसली, किलोमीटर भरायचेत." एकदा वाटेत ती म्हणाली, "संध्याकाळी चक्कर मारून येतो म्हणायचे. मी विचारलं, कुठे जाता? तर म्हणाले, गाडीचं तेल फिरलं पाहिजे." त्यानंतर मावशीचं घर येईपर्यंत ती काटे सोडून रस्ता बघत होती.

आठशे झाले. नऊशे झाले. नऊशेनंतर ती माझ्या आधी येऊन गाडीत बसायला लागली, आणि मी किल्ली फिरवली की सगळे दिवे लागून विझेपर्यंत श्वास धरून ठेवायची. पिवळा दिवाही लागायचा आणि इतरांबरोबर विझायचा. हजार पन्नासला, एका सकाळी, बाजाराच्या वळणावर ती म्हणाली, "नाही लागला."

"नाही."

"म्हणजे तो खरं बोलत होता."

"हो."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. "वळव," आई म्हणाली.

मिस्त्रीकाका दारातच होते, कुणाचा तरी टायर दाबून बघत. आई उतरताना पाहून ते उठले आणि हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले. "दिवा लागला का?"

"नाही लागला." आईने पदर सारखा केला. येताना तिने काही ठरवलं असेल तर ते मला सांगितलं नव्हतं. "तुम्ही त्या दिवशी आला होतात, मी दार लावलं. ते माझं चुकलं. बाकीचं त्यांचं होतं. ते त्यांनीच बोलायला हवं होतं. त्यांच्या वतीने मी बोलणार नाही. मी माझं बोलले."

"बसा ना," ते म्हणाले, पण तिथे टायरांशिवाय बसायला काही नव्हतं. ते गाडीकडे गेले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. उघडायचं काही कारण नव्हतं. कदाचित त्यांना तेवढंच येत होतं.

आई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. इंजिन नुकतंच बंद केलेलं होतं, आत काहीतरी टिकटिक करत थंड होत होतं.

"कुठलं झाकण?" तिने विचारलं. "मी टॉर्च धरायचे, पण मला नुसता त्यांचा हात दिसायचा."

त्यांनी दाखवलं. तिने वाकून पाहिलं, कडेकडेने, चारही कोपरे.

"गरम आहे, वहिनी. हात लावू नका."

"नाही लावत," ती म्हणाली, आणि हात झाकणाच्या थोडा वर धरून उभी राहिली.